किल्ल्यांचा कारभार

पेढी, कचेरी, गोदाम किंवा दवाखाना यांसाठी नवी इमारत उभी राहते, तेव्हा दर्शनी भागाला दगड कोणता लावावा, पाटीवरची अक्षरे केवढी असावीत आणि जिन्याच्या कठड्याला पितळ शोभेल की पोलाद, या प्रश्नांवर मालक, वास्तुशिल्पी आणि ठेकेदार यांच्या बैठकींमागून बैठकी होतात. परंतु त्या इमारतीतील माल, दप्तर आणि रोकड रात्रभर ज्या वस्तूच्या भरवशावर सोडून द्यायची, ते कुलूप मात्र सुताराने येता येता बाजारातून आणावे आणि जाता जाता त्याच्या तीन किल्ल्या मालकाच्या हाती ठेवाव्यात, एवढ्यावरच बहुधा भागवले जाते. पुढे पाच-सात वर्षे लोटली, दोन कारकून नोकरी सोडून गेले, एक व्यवस्थापक बदलला, साफसफाईचा मक्ता तिसऱ्याच माणसाकडे गेला, आणि मग कोणत्या दाराच्या किती किल्ल्या कोणाकोणाच्या खिशात आहेत असा प्रश्न कोणी विचारलाच, तर त्याचे खात्रीपूर्वक उत्तर देणारा मनुष्य त्या साऱ्या इमारतीत सापडत नाही. आमचे मत असे आहे की, व्यापारी इमारतीसाठी कुलूप निवडताना किल्ली कोणाच्या हाती, कोणत्या अटीवर आणि किती काळ राहील हे अगोदर ठरवावे, आणि कुलपाची जात त्यामागून ठरवावी.

याचे कारण कुलपाच्या स्वभावातच आहे. लंडनमधील जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत, कृत्रिम साधनाने जो उघडील त्याला दोनशे गिन्नी देण्याचे जाहीर आव्हान लावून ठेवलेले एक कुलूप अर्धशतकभर कोणाला उघडता आले नव्हते; १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेहून तेथे आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कारागिराने सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास खर्ची घालून ते उघडले, आणि त्याच सुमारास चब यांचे नामांकित कुलूप तर त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले. उघडली दोन्ही, फरक पडला तो वेळेचा. चांगल्या कुलपाची किंमत म्हणून आपण जी मोजतो ती वस्तुतः या वेळेचीच असते, आणि रात्रीच्या पहारेकऱ्याची फेरी किती वेळाने होते, शेजारी वस्ती आहे की नाही, चौकी किती दूर आहे, यांवरून तो वेळ किती लागेल याचा अंदाज बांधता येतो. आमच्याकडचा सामान्य चोर हॉब्जची कला शिकत बसत नाही. तो कटावणी घालून कोयंडा उखडतो. परंतु ज्याच्याजवळ किल्लीच आहे, त्याला कलाही लागत नाही, कटावणीही लागत नाही आणि वेळही लागत नाही.

प्रथम एक कागद घेऊन इमारतीतील प्रत्येक दाराची नोंद करावी. त्यात मुख्य दरवाजा आणि शटर हे येतीलच, पण मागचे बोळातले दार, मीटरची खोली, पाण्याच्या पंपाची खोली, लिफ्टच्या यंत्राची खोली, गच्चीचे दार, संडासाशेजारची झाडू ठेवण्याची कोठडी, यांतले काहीही वगळू नये. चोरीच्या बातम्या लक्षपूर्वक वाचणाऱ्यास ठाऊकच असते की, दर्शनी दरवाजाला हजारो रुपयांचे कुलूप लावलेल्या दुकानात चोर शिरला तो मागच्या बोळातील खिळखिळ्या दारातून. प्रत्येक दारापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: रोजच्या कामासाठी त्यातून कोणाला जावे लागते, आणि ते बंद असताना आत कोण अडकू शकते. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

आपल्या बाजारपेठांत दुकानाचे संरक्षण मुख्यत्वे लोखंडी शटरवर सोपवलेले असते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. शटर उचकटून चोरी, हे शब्द आपण वर्तमानपत्रात वारंवार वाचतो. त्यातली युक्ती अगदी साधी आहे. शटरला दोन टोकांना, जमिनीलगत, दोन कुलपे असतात आणि मधला सहा, आठ किंवा दहा फुटांचा पत्रा केवळ आपल्या वजनावर उभा असतो. मध्यभागी पहार किंवा मोटारीचा जॅक घातला की दोन्ही कुलपे जागच्या जागी शाबूत राहून पत्रा धनुष्यासारखा वर वाकतो आणि एक सडपातळ मनुष्य आत सरपटण्याइतकी फट पडते. यावर कुलपे अधिक जाड घेणे हा उपाय नव्हे. शटरच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंच्या खाचांत दांडे सारणारे मध्यवर्ती कुलूप बसवून घ्यावे, आणि रुंद शटर असेल तर त्याच्या तळपट्टीला मध्यभागी जमिनीतील काँक्रीटमध्ये खोल रोवलेल्या कडीशी जखडण्याची सोय करावी. खाचांची लोखंडी पन्हळ भिंतीत नुसत्या लाकडी खुंट्यांवर ठोकलेली आहे की विटांच्या आत पक्क्या बोल्टने आवळलेली आहे, हेही पाहावे.

जेथे लोंबते कुलूप वापरायचे तेथे कुलपापेक्षा कोयंड्याची परीक्षा कडक असावी. कोयंड्याचे स्क्रू दार बंद असताना दिसत असतील, तर चोराला कुलपाला हात लावण्याचेही कारण नाही. पेचकसाने तो कोयंडाच सोडवील. स्क्रू झाकले जातील असा कोयंडा घ्यावा आणि तो दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टांनी, आतून पत्र्याची पट्टी देऊन आवळावा. कुलपाचा दांडा कठीण केलेल्या पोलादाचा असावा आणि खांदे उंच असलेल्या जातीचे कुलूप निवडावे, म्हणजे कापण्याच्या हत्याराला दांड्याची पकडच मिळत नाही. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून या देशात चांगली कुलपे बनत आली आहेत, आणि अलिगढ व दिंडीगुल या गावांची तर त्या धंद्याबद्दल ख्यातीच आहे. सबब चांगले कुलूप हवे तर ते परदेशीच पाहिजे, हा समज आता कोणी बाळगू नये. फक्त नावाजलेल्या नमुन्याची हुबेहूब नक्कल पदपथावर निम्म्या किमतीत मिळते, तिच्यापासून सावध राहावे.

कचेऱ्यांच्या लाकडी दारांना, दाराच्या जाडीत कोरून बसवण्याचे मॉर्टिस कुलूप प्रशस्त. मात्र दार निदान पस्तीस-चाळीस मिलिमीटर जाड पाहिजे, नाहीतर कुलपासाठी कोरलेली पोकळी हीच दाराची सर्वांत दुबळी जागा ठरते आणि लाथेसरशी दार तेथेच चिरफाळते. चौकटीत शिरणारी कुलपाची जीभ वीस ते पंचवीस मिलिमीटर तरी बाहेर यावी. दार ओढले की आपोआप अडकणारी, स्प्रिंगवर चालणारी तिरकस खिट्टी ही रात्रीच्या बंदोबस्ताला अगदी अपुरी समजावी, कारण एक लवचिक पट्टी फटीतून सरकवली की ती मागे हटते. किल्ली फिरवून घट्ट बाहेर येणारी जीभ तिच्या जोडीला असलीच पाहिजे. हल्ली सर्वत्र दिसणारे सिलिंडरचे कुलूप, ज्यातील पिनांची रचना अमेरिकेत लायनस येल यांनी १८६१ च्या सुमारास सिद्ध केली, ते किल्ली बदलण्याच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. पण सिलिंडर मुठीच्या पट्टीबाहेर दोन-तीन मिलिमीटरहून अधिक डोकावत असेल तर पकडीत धरून तो मध्येच मोडता येतो, म्हणून दाराच्या जाडीला बेताची लांबी घ्यावी आणि सुताराने उरलेसुरले माप चालवून घेऊ नये. चौकटीतील ज्या पत्रीत ती जीभ शिरते, तिचे स्क्रू अर्ध्या इंचाचे असतात व ते केवळ लाकडाच्या वरच्या थरात बसतात. ते काढून तीन इंचांचे घालावेत. आमच्या समजुतीप्रमाणे इमारतीच्या सुरक्षिततेसाठी इतक्या स्वस्तात होण्यासारखी दुसरी कोणतीही सुधारणा नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या रस्त्याकडे येतात. त्यांच्या पिना न निघणाऱ्या जातीच्या असाव्यात. काचेच्या दाराविषयी एवढेच सांगणे पुरे की, त्याचे तळचे कुलूप दिवसाच्या शिस्तीसाठी आहे, रात्रीसाठी त्यामागे किंवा पुढे शटर हवेच.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याने या सर्व हिशेबात आणखी एक कलम घातले आहे. आषाढात लाकडी दार फुगते, जीभ खाचेसमोर येत नाही, मग शिपाई दाराला खांदा देऊन किल्ली फिरवतो आणि एके दिवशी किल्ली मोडून अर्धी आत राहते. दार बसवतानाच फटीची मोकळीक ठेवावी, आणि खाच दुरुस्त केली असल्यास ती पावसाळा सरल्यावर दार आटले की पुन्हा तपासावी. समुद्राकाठी नुसत्या मुलाम्याचे लोखंड दोन वर्षे टिकत नाही. पितळ किंवा ३१६ प्रतीचे गंजरोधक पोलाद मागावे. सिलिंडर घट्ट झाला की त्यात खोबरेल किंवा यंत्राचे तेल ओतण्याची जी सार्वत्रिक चाल आहे ती सोडावी, कारण तेलाला धूळ चिकटून पिनांभोवती चिखल होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड पुरेशी होते.

आता ज्या प्रश्नाचा उल्लेख वर करून ठेवला त्याकडे वळू. न्यूयॉर्क येथील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी कापड चोरून नेऊ नये म्हणून सुटीच्या वेळी सर्वांना दुसऱ्या एकाच दाराने, पिशव्या तपासून, बाहेर सोडण्याचा तेथे शिरस्ता होता. १४६ माणसे मेली, आणि त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. मालकांवर खटला झाला तो त्या कुलपावरूनच, आणि दार त्या क्षणी बंद होते हे मालकांना ठाऊक होते असे निःसंशय सिद्ध झाले नाही म्हणून ते सुटले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी जी ५९ माणसे गुदमरून मेली, तेथेही बाल्कनीतून निसटण्याचे मार्ग अडवलेले व बंद होते. चोरी थांबवण्याच्या बुद्धीने लावलेले कुलूप माणसे कोंडण्याचे साधन केव्हा होते हे लावणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच या बाबतीत कायदा स्पष्ट बोलतो. खोलीत मनुष्य असेपर्यंत तिचे बाहेर पडण्याचे दार आतून सहज व तत्काळ उघडता न येईल असे बंद करू नये, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आरंभीच सांगितले होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेचेही म्हणणे असे की, निर्गमनाचे दार बाहेर पडणाऱ्याच्या बाजूने किल्लीवाचून उघडले पाहिजे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, संकटकालीन जिन्याच्या दाराला आतून कडी, अडसर, साखळी किंवा कुलूप यांपैकी काहीही असू नये. त्याला छातीच्या खालच्या उंचीवर, अंगाच्या दाबाने उघडणारा पॅनिक बार असावा आणि बाहेरून मात्र ते किल्लीशिवाय उघडू नये. चोरीची धास्ती असेल तर दार उघडताच वाजणारी घंटा बसवावी. काचेच्या पेटीत टांगून ठेवलेली किल्ली हा उपाय अनेक इमारतींत दिसतो, पण धुराने भरलेल्या अंधारात ती पेटी कोण शोधणार, आणि ती किल्ली त्या खिळ्यावर आजही आहे याची हमी कोण देणार? आपल्या शहरांत गच्चीच्या दाराला कुलूप घालून किल्ली सोसायटीच्या चिटणीसाकडे ठेवण्याचीही चाल आहे, आणि तो चिटणीस रविवारी गावाला गेलेला असतो. गच्ची हा जर अग्निशमन आराखड्यात सुटकेचा मार्ग दाखवला असेल, तर त्या दारालाही हाच नियम.

व्यवस्थापकाला फार प्रिय वाटणारी एक सोय म्हणजे सर्व दारे उघडणारी एकच मास्टर किल्ली. प्रत्येक खोलीची किल्ली निराळी, मजल्याची एक, आणि साऱ्या इमारतीची एक, अशी ही उतरंड रचताना प्रत्येक सिलिंडरमधील पिना एकाहून अधिक किल्ल्यांना मान्यता देतील अशा ठेवाव्या लागतात, आणि जितके थर वाढतात तितके ते कुलूप अधिक किल्ल्यांना वश होते. मॅट ब्लेझ या अमेरिकी संशोधकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, ज्याच्याजवळ अशा इमारतीतील एका खोलीची रीतसर किल्ली, त्या खोलीचे कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या आहेत, तो घासून पाहता पाहता मास्टर किल्लीचे दाते शोधून काढू शकतो. म्हणून लहान कचेरीने या मोहात पडू नये. मोठ्या इमारतीला हे टाळता येत नसेल तर थर दोनच ठेवावेत. रोकड, औषधे, सर्व्हर आणि हिशेबाचे जुने दप्तर ज्या खोल्यांत आहे त्यांना या व्यवस्थेबाहेर स्वतंत्र कुलपे असावीत. आणि मास्टर किल्ली कोणाच्याही खिशात घरी जाऊ नये.

किल्ल्यांच्या ताब्याबाबत आपल्याकडचा जुना शिरस्ता आजही अनुकरणीय आहे. मराठेशाहीत गडाच्या दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या हवाली असत, परंतु गड एकट्या हवालदाराच्या मुठीत जाऊ नये म्हणून सरनोबत आणि सबनीस यांची त्याच्याबरोबर नेमणूक होई. सरकारी कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या दोन निराळ्या अंमलदारांकडे, ही पद्धत त्याच शहाणपणाची. बँकांत तिजोरीच्या किल्ल्या व्यवस्थापक आणि रोखपाल यांच्यात वाटलेल्या असतात व दुबार संच दुसऱ्याच शाखेत मोहोरबंद ठेवतात. सामान्य पेढीला एवढे सोपस्कार सर्व दारांसाठी परवडणार नाहीत, परंतु रोकडीच्या खोलीसाठी ते अवश्य करावेत.

इतर दारांसाठी एक बांधीव नोंदवही पुरेशी आहे, मात्र ती खरोखर लिहिली गेली पाहिजे. किल्लीचा क्रमांक, ती ज्याला दिली त्याचे नाव, कोणाच्या हुकुमाने दिली, दिनांक, सही आणि परत आल्याची सही, एवढे रकाने तीत असावेत. किल्लीच्या बिल्ल्यावर खोलीचे नाव कधीही लिहू नये. पेढीचे नाव आणि पत्ता तर नाहीच नाही, कारण हरवलेली किल्ली प्रामाणिक माणसाला सापडेल या आशेवर लावलेला तो बिल्ला अप्रामाणिक माणसालाही घराचा रस्ता दाखवतो. केवळ सांकेतिक क्रमांक असावा आणि त्याची फोड नोंदवहीत. किल्ल्यांची पेटी व नोंदवही एकाच टेबलावर ठेवू नयेत. सहा महिन्यांतून एकदा, ज्याच्या ताब्यात किल्ल्या आहेत त्याखेरीज दुसऱ्या माणसाने प्रत्यक्ष किल्ल्या हाती घेऊन वहीशी रुजवात घालावी. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमान्वये इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. ही तपासणी त्याच महिन्यांना जोडून घेतली तर विसरण्याची भीती राहत नाही, आणि संकटकालीन दारांना कोणी साखळी तर घातली नाही ना हेही त्याच फेरीत कळते.

नोंदवहीत तीन किल्ल्या आहेत म्हणून जगात तीनच आहेत, असे मात्र समजू नये. साध्या किल्लीची नक्कल पदपथावरचा किल्लीवाला चहा थंड होण्याच्या आत करून देतो, आणि चांगल्या छायाचित्रावरूनही दाते मोजता येतात. ज्यांच्या कोऱ्या किल्ल्या खुल्या बाजारात मिळत नाहीत आणि ज्यांची नक्कल कारखान्याकडून ओळखपत्र दाखवूनच करून मिळते अशी कुलपे महाग असतात, पण निदान मुख्य दार आणि दप्तरखान्यासाठी तो खर्च करावा. बांधकाम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी वापरलेले सिलिंडर बदलल्यावाचून इमारतीचा ताबा घेऊ नये. किल्ली हरवली, अथवा ज्याच्याकडे ती होती तो कर्मचारी मनात अढी धरून गेला, तर किल्ली परत मिळाली तरी पिना बदलून घ्याव्यात. संपूर्ण कुलूप काढावे लागत नाही, कुशल कारागीर पिनांची नवी जुळणी थोडक्या पैशांत करून देतो.

कार्ड, अंक किंवा बोटाचा ठसा ओळखणाऱ्या विद्युत कुलपांचा मोठा गुण हाच की, गेलेल्या माणसाची किल्ली परत मागावी लागत नाही. एका नोंदीने ती रद्द होते, आणि कोण केव्हा आत आला याचा तपशील आपोआप राहतो. पण वीज गेल्यावर हे कुलूप उघडे राहते की बंद, हा प्रश्न विक्रेत्याला खरेदीपूर्वीच लेखी विचारावा. चुंबकावर चालणारे कुलूप वीज जाताच सुटते, म्हणजे सुटकेच्या मार्गावर ते ठीक, पण बॅटरी नसेल तर दप्तरखाना उघडा पडतो. उलट काही कुलपे वीज गेली तरी बाहेरून बंदच राहतात, आणि त्यांना आतून हाताने फिरवण्याची मूठ असलीच पाहिजे. आगीची घंटा वाजताच सुटकेच्या मार्गावरील सर्व चुंबके सुटतील अशी जोडणी करून घेऊन ती प्रत्यक्ष घंटा वाजवून पाहावी. कारखान्याने घालून दिलेला मूळ सांकेतिक अंक त्याच दिवशी बदलावा. जुन्या पद्धतीच्या स्वस्त कार्डांची नक्कल होऊ शकते हे ध्यानात ठेवावे. आणि राजीनामा दिलेल्या माणसाचे कार्ड रद्द करण्याचे काम कोणाचे, हे नावानिशी ठरवून द्यावे, कारण तसे न केल्यास यंत्राच्या यादीतही मागच्या चार वर्षांची माणसे तशीच वावरत राहतात.

विम्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तेथे या निष्काळजीपणाचा हिशेब रोख द्यावा लागतो. घरफोडीच्या विम्याची भरपाई सामान्यतः बळाने केलेल्या प्रवेशाशी बांधलेली असते. गोदामातून माल गेला पण बळाचा वापर झालेला नाही अशा एका दाव्यात, पॉलिसीचे शब्द तसे असल्यामुळे विमा कंपनी देणे लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. दुबार किल्लीने उघडून पुन्हा नीट बंद करून गेलेल्या चोराने कोयंड्यावर ओरखडाही ठेवलेला नसतो, मग पंचनाम्यात लिहायचे काय? तेव्हा पॉलिसी घेतानाच किल्ली वापरून झालेल्या चोरीचे कलम काढून वाचावे, आणि आवश्यक तर जादा हप्ता देऊन त्याची तजवीज करून घ्यावी. गाळा भाड्याने दिलेला असेल तर भाडेपट्ट्यातच लिहून घ्यावे की, मुदत संपताच भाडेकरूने सर्व किल्ल्या, नकलांसह, ताबेपावती घेऊन परत कराव्यात आणि सिलिंडर बदलण्याचा खर्च अनामत रकमेतून वळता होईल. व तो सिलिंडर नव्या भाडेकरूला ताबा देण्यापूर्वी बदलावा, नंतर नव्हे.